किलोमीटरच्या रकान्यात काय लिहायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीवर मी काही वर्षं कंत्राटी डॉक्टर होते. 2013 साली सुरू झालेला हा कार्यक्रम. दोन बी.ए.एम.एस. डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स आणि एक गाडी असं पथक; वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडी आणि एकदा प्रत्येक शाळा. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, या चार गोष्टी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत हुडकायच्या आणि सापडलं की चिठ्ठी लिहून वरच्या दवाखान्यात पाठवायचं. हुडकायचं काम आम्ही बरं करायचो. स्टेथोस्कोप लावला की एखाद्या मुलाच्या हृदयाचा आवाज खटकायचा, कोणाच्या कानातून पू, कोणाचं पाऊल आत वळलेलं. चिठ्ठी द्यायची, रजिस्टरला नोंद करायची, पुढची अंगणवाडी गाठायची. सहा महिन्यांनी परत यावं तर तेच मूल, तोच आवाज, आणि तीच चिठ्ठी, आईनं फडताळात डब्याखाली जपून ठेवलेली.

का नेलं नाही, असं विचारलं की उत्तरं मिळायची: याचा बाबा बोटीवर आहे, सोबतीला कोण नाही, वस्तीची गाडी बंद झाली, शिमगा झाला की जाऊ. आमच्या रजिस्टरात या सगळ्याला मिळून एकच शेरा लिहायची पद्धत होती: ‘पालक इच्छुक नाहीत’. चिठ्ठी डब्याखाली जपून ठेवणारी बाई इच्छुक नाही, हे मला कधी पटलं नाही.

पुढे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तेव्हा प्रबंधाचा विषय शोधत बसावं लागलं नाही. दाभोळच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे दापोली आणि गुहागर तालुक्यांत, ज्या वाड्या आहेत तिथली दहा वर्षांखालची मुलं. त्यांच्या तब्येतीला धोके कोणते, आणि आजारी पडल्यावर ती डॉक्टरपर्यंत पोचतात कशी. गावांची नावं इथं लिहिणार नाही, संमतीपत्रात तसं लिहून दिलेलं आहे. पण असला अभ्यास करायला निघालेल्या कोणाला उपयोग होईल म्हणून ही सगळी प्रक्रिया कशी पार पडली ते सांगते.

वाचनापासून सुरुवात झाली. राज्याचे आकडे सहज मिळतात. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी, 25.6 टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. जिल्ह्याचा वेगळा तक्ताही असतो. पण जिल्हा म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंतचा सगळा पट्टा. त्या तक्त्यात खाडीकाठची वाडी कुठंच दिसत नाही.

दुसरा उपयोगी पडला तो 1994 सालचा एक जुना निबंध. थॅडियस आणि मेन या दोघींनी बाळंतपणात बायका का दगावतात याचा विचार तीन विलंबांत मांडला होता: न्यायचं ठरवायला लागलेला उशीर, पोचायला लागलेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागलेला उशीर. मुलांच्या बाबतीतही ही मांडणी चपखल बसते. आणि कोकणातलं म्हणाल तर डॉ. हिम्मतराव बावस्करांचं विंचूदंशाचं काम. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली रुजू झालेला हा डॉक्टर. लाल विंचू चावलेली मुलं घामाघूम होऊन, हातपाय गार पडून, तोंडाला गुलाबी फेस येऊन जायची, त्यांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या आणि 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी यावर चालते हे त्यांनी दाखवून दिलं. गंभीर दंश झालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते त्यानंतर अगदी खाली आलं. माझे मार्गदर्शक म्हणाले, “हे वाच आणि मग विचार कर, औषध एवढं सोपं असताना आता अडतंय कुठं?” प्रबंधाचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता.

एथिक्स कमिटीबद्दल विद्यार्थ्यांत उगाच भीती असते. कागद पुष्कळ लागतात हे खरं, पण बरेचसे कागद आपलंच डोकं ताळ्यावर आणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुलांवरच्या संशोधनात आईबापांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचंही ‘हो’ घ्यावं लागतं. बारापर्यंत तोंडी, त्यानंतर लेखी. सातच्या खालच्या मुलानं हात आखडून घेतला तर तो त्याचा नकारच समजायचा. आईला लिहितावाचता येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. कमिटीत डॉक्टरांखेरीज एक वकील, एक समाजशास्त्राचं माणूस आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. आमच्या कमिटीतल्या नागरिक प्रतिनिधी म्हणजे निवृत्त शिक्षिका. सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनीच विचारला: “तुम्हाला घरात एखादं मूल फार आजारी सापडलं, तर तुम्ही फॉर्म भरणार की त्याला नेणार?” नेणार, असं मी म्हटलं. “कशानं?” याला माझ्याकडं उत्तर होतं ते 108 चं. 2014 पासून राज्यात ही सेवा आहे, फोन केला की येते. बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

जिल्हा परिषदेच्या परवानग्या, महिला व बालकल्याणचं पत्र, सरपंचांच्या गाठीभेटी, यात बराच काळ गेला. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. एकच सूचना: पत्राची आवक क्रमांकाची पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. टेबलं बदलतात, माणसं बदलतात, पत्रं ‘सापडत’ नाहीत.

मग आली पूर्वचाचणी. मुख्य कामाआधी एकदोन वाड्यांत फॉर्म चालवून बघायचा असतो. माझ्याबरोबर एक सहकारी मुलगी आणि त्या भागातल्या आशाताई. टॅबमध्ये कोबो या सर्वेक्षणाच्या ॲपचा फॉर्म, नेटवर्क नसलं तरी भरता येतो, घरी येऊन अपलोड करायचा. प्रश्न क्रमांक सव्वीस: ‘जवळच्या आरोग्य केंद्राचं अंतर (किमी)’. रकाना फक्त आकडा घेतो.

खाडीच्या उतारावर एक घर, पुढं खळं, खळ्याच्या कडेला चिऱ्याचा गडगा. ओटीवर आजी माशांची जाळी घेऊन बसलेल्या, सून आत. मी सव्वीसावा प्रश्न विचारला. आजींनी हातातली सुई न सोडता हनुवटीनं खाडीपलीकडं दाखवलं.

“दवाखाना काय गो बाय, हितनं दिसतो. रात्रीचा त्याचा दिवापण दिसतो. दिसला म्हणजे पोचलं होय?”

नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते अंतर दोन किलोमीटरही भरलं नसतं. मी ‘2’ लिहिणार इतक्यात सून बाहेर आली आणि थोरल्या मुलाला पुढं ओढून म्हणाली, “ह्याला विचारा, ह्याला चावला होता इंचू.” मुलगा सहा-सात वर्षांचा, दात पडलेला, आपलीच गोष्ट ऐकायला खुशीत उभा.

दिवेलागणीला गडग्यातला दगड काढताना त्याच्या बोटाला विंचू चावला. आधी रडला, मग रडायचा थांबला, आणि थांबला म्हणून घरच्यांना बरं वाटलं. तासाभरानं उलट्या, अंगावरचा सदरा घामानं ओला, तळहात बर्फासारखे. गुरवाकडं जाऊया का, असं कोणीतरी म्हणालं. आजी म्हणाल्या, आधी डाक्टर, मग देव. म्हणजे ठरवायला काही वेळ लागला नाही. बाबा ट्रॉलरवर खोल समुद्रात. काका होडी सोडायला धावला तर सुकती लागलेली, होडी चिखलात बसलेली, भरतीला अजून खूप अवकाश. 108 ला फोन लावायला गड्याला वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळापर्यंत, जावं लागलं, कारण खाली रेंज नाही. गाडी निघाली, पण ती येणार रस्त्यानं, लांबून, आणि वाडीत उतरायला रस्ता नाहीच, पाखाडी आहे, दगडी पायऱ्यांची वाट. मग पोराला खांद्यावर टाकून अंधारात ती चढण चढले. वर आल्यावर पहिली भेटली ती बर्फ घेऊन निघालेल्या मासळीच्या टेम्पोची गाडी. त्यातच बसले. वाटेत रुग्णवाहिका समोरून आली, तिच्यात हलवलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर जागेवर नव्हते, पुढं जा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी गोळी पोटात गेली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

“ती गोळी बारकीशीच होती,” मुलगा म्हणाला.

टॅबचा रकाना अजून रिकामाच होता आणि आकड्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही तिघी अंगणवाडीच्या पायरीवर बसलो तेव्हा आशाताई म्हणाल्या, “मॅडम, हा प्रश्न शहरातला आहे. आमच्याकडं कोण किलोमीटर बघत नाय. भरती किती वाजता, शेवटची गाडी गेली का, घरात बाप्या माणूस कोण, एवढं बघतात.”

फॉर्म एकदा मंजूर झाला की त्यातला प्रश्न मनानं बदलता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज कमिटीकडं करावा लागतो, कारणांसकट. मी नवा प्रश्न लिहिला: ‘रात्री दोन वाजता मूल गंभीर आजारी पडलं तर तुम्ही काय कराल?’ कमिटीनं तो नाकारला, आणि त्यांचं कारण रास्त होतं. ‘पडलं तर’ असं विचारलं की माणूस जे करायला हवं ते सांगतो, केलेलं सांगत नाही. घडलेलं विचारा, असं त्यांनी सुचवलं. सर्दी, ताप, जुलाबासाठी गेल्या दोन आठवड्यांचं विचारायची रीत आहे, कारण त्यापलीकडं आयांना नीट आठवत नाही. पण मुलाला धरून रात्री धावावं लागलं तर ते वर्षभर विसरत नाही कोणी. म्हणून शेवटी असं ठरलं: गेल्या बारा महिन्यांत मुलाला तातडीनं घराबाहेर न्यावं लागलं असेल तर त्या शेवटच्या वेळेची हकीकत, घड्याळासकट. कधी लक्षात आलं, न्यायचं कोणी ठरवलं, कशानं निघालात, कुठं थांबावं लागलं, कधी पोचलात, डॉक्टरनं कधी पाहिलं, खर्च कशावर झाला.

घड्याळ कोणी बघितलेलं नसतं. पण भरती-सुकती, शेवटची एसटी, मशिदीतली अजान, टीव्हीवरची मालिका, यांच्या आधारानं वेळ बऱ्यापैकी लागते. उधाणाची मोठी भरती होती की भांगाची लहान, एवढं कळलं तरी पंचांग बघून तारीख काढता यायची. समुद्रावर पोट असलेल्या घरात भरतीची वेळ चुकत नाही कोणाची. डॉक्टर लोकांच्या लेखी नोंदींपेक्षा या वेळा मला जास्त भरवशाच्या वाटल्या.

या पद्धतीला एक मोठं भोक आहे, ते कमिटीनंही दाखवलं. जे मूल वाटेतच गेलं त्याची हकीकत यात येत नाही, कारण आम्ही हयात मुलांच्या घरी जातो. गेलेल्या मुलाबद्दल विचारायचं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं आणि आईला मागून आधार द्यायची व्यवस्था लागते. दोन्ही माझ्याकडं नव्हतं. प्रबंधात हे स्पष्ट लिहिलंय: आमचे सगळे उशीर हे वाचलेल्या मुलांचे उशीर आहेत.

मुख्य काम सुरू झालं ते भातकापणीनंतर. मोजमापाबद्दल पुस्तकात सगळं असतं, फक्त कोकणातली जमीन नसते. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून लांबी मोजायची, वरच्याला उभं करून उंची. दोन्हींत साधारण 0.7 सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून ही सरमिसळ चालत नाही. त्यासाठी सपाट जागा हवी. सारवलेली ओटी दिसते सपाट, वजनकाटा ठेवला की डुगडुगतो. आम्ही प्लायवूडचा एक तुकडा आणि पाणसळ बरोबर घेऊन फिरायचो. काटा ठेवायचा, पाणसळीतला बुडबुडा मधे येईपर्यंत फळीखाली कौलाच्या खापऱ्या सरकवायच्या, आणि तेवढ्यात वाडीतली सगळी पोरं भोवती जमलेली. त्याचा फायदा असा की पहिलं मूल रडलं तरी दुसरं आपणहून काट्यावर चढायचं.

श्वास मोजायचं काम मात्र शांततेचं. खोकला-ताप असलेल्या मुलाला न्यूमोनिया आहे का हे गावपातळीवर ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग: दोन महिने ते वर्षाच्या आतल्या मुलाचे मिनिटाला पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट नाही. मूल आईच्या मांडीवर, सदरा वर केलेला, आणि आपण पोटाच्या खालीवर होण्याकडं बघत तोंडात आकडे घोळवायचे. आया विचारायच्या, मशीन नाही का आणलं? ही खूण मी जितक्या आयांना शिकवली तितकी दुसरी कुठलीच गोष्ट शिकवली नसेल. प्रबंधाच्या आराखड्यात ते नव्हतं, पण विचारलं तर सांगायचं नाही असं थोडंच आहे.

संमतीच्या सहीवरून पंचाईत झाली ती वेगळ्याच कारणानं. अंजनवेल, वेलदूरच्या बाजूला एन्रॉनच्या प्रकल्पासाठी जमिनी गेल्याला तीन दशकं झाली तरी ती आठवण गेलेली नाही, आणि 2023 साली बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या मातीपरीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं. त्यात आम्ही टॅब घेऊन येतो आणि घराचं जीपीएस टिपतो. “सातबाऱ्यावर काय चढणार नाय ना?” असं एका भाऊंनी सरळ विचारलं. त्यांना टॅबवर दाखवलं की आम्ही घराचा ठिपका नेमका ठेवत नाही, वाडीच्या मध्यावर सरकवतो. ते काही वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “मग टिपता कशाला?” प्रश्न बरोबर होता. पुढच्या घरापासून आम्ही जीपीएस बंदच केलं आणि नुसतं वाडीचं सांकेतिक नाव ठेवलं. अर्थात तीही दुरुस्ती कमिटीला कळवून.

आंब्याच्या बागांतली मुलं मला यादीत मुळात सापडली नव्हती. हंगामात राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, बागेतल्या खोपीत राहतात, आणि हंगाम संपला की दुसरीकडं जातात. अंगणवाडीच्या पटावर ती नाहीत, मतदार यादीत तर नाहीतच. आमचा नमुना पटावरून काढलेला. एका बागेच्या कडेनं जाताना आशाताईंनीच दाखवलं, “तिकडं पण पोरं आहेत, मॅडम.” आता नमुन्याबाहेरच्या घरात शिरायचं का? आशाताई आणि मी मोजमाप बाजूला ठेवून नुसत्याच गेलो. फवारणीचे रिकामे डबे एका बाजूला, त्यातल्याच एका डब्यात पाणी भरून ठेवलेलं. दीड वर्षाची मुलगी. आशाताईंनी दंडाची पट्टी काढली. डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधे, पट्टीवर 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळं, वर हिरवं. पट्टी लालात थांबली.

आई हिंदीत बोलत होती. दीदी, दूध पीती है, खाना नहीं खाती. पोषण पुनर्वसन केंद्रात दोनेक आठवडे राहावं लागेल, आईचं जेवण आणि बुडीत मजुरी मिळते, हे आशाताईंनी सांगितलं. आईनं विचारलं, मग माकडं कोण हाकणार? नवऱ्याला रात्री राखण, हिला दिवसा. दोघांचा मिळून एकच पगार ठरलेला. अंगणवाडी सेविकेकडं गेलो तर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंद करताना आईचं आधार मागतं, आणि नेपाळी आईकडं ते कुठलं असायचं? सेविका हुशार. तिनं जुन्या पद्धतीनं वहीत नाव घातलं, आहार द्यायला सुरुवात केली, आणि बागमालकांच्या बायकोला गाठलं. त्या बाईनं दिवसाच्या राखणीला दुसरा गडी लावला तेव्हा कुठं माय-लेकी केंद्रात गेल्या. मुलगी वजन धरून परत आली. हंगाम संपल्यावर ते कुटुंब कर्नाटकात गेलं असं कळलं. पुढचं माहीत नाही.

ही मुलगी माझ्या आकड्यांत नाही, कारण नमुन्यात नव्हती. तिच्यासाठी प्रबंधाच्या शेवटी एक टीप आहे. नमुना काढायची यादीच कोणाला वगळते, हे लिहायला ती टीप पुरेशी नाही असं मला अजून वाटतं, पण परीक्षकांना तेवढीच चालते.

विश्लेषणाचा भाग कंटाळवाणा असतो, तो सोडून देते. आकडे तोंडी परीक्षा झाल्याशिवाय बाहेर सांगता येत नाहीत. पण त्यांचा कल सांगायला हरकत नाही. शहरातल्या बैठकांत नेहमी पहिल्या उशिरावर जोर असतो: लोक अडाणी, गुरवाकडं कौल लावत बसतात, दृष्ट काढतात. आमच्या हकीकतींमध्ये दृष्ट काढलेली आहे, कौलही आहे, पण तो बहुतेकदा गाडीची वाट बघता बघता लावलेला. हातात दुसरं काही नव्हतं म्हणून. खरा वेळ खाल्ला तो दुसऱ्या उशिरानं, आणि तिसऱ्याचा एक कोकणी प्रकार आहे: ‘वर न्या’. लहान दवाखान्यातून तालुक्याला, तालुक्यातून रत्नागिरीला, तिथून कोल्हापूर किंवा मुंबईला. खाली सिंधुदुर्गातले लोक असेच गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जातात. प्रत्येक ठिकाणी पोचलं की हकीकत नव्यानं सांगायची, घड्याळ नव्यानं सुरू.

खर्चाचंही तसंच. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे, आणि ते मिळतंही. आयांनी सांगितलेल्या खर्चात औषधाचा आकडा लहान. मोठा आकडा गाडीचा, सोबत गेलेल्याच्या बुडलेल्या मजुरीचा, आणि तिथं राहिलेल्यांच्या जेवणाचा. फेरीबोट रात्री बंद झाली की चिपळूणवरून फिरून यायचं, त्याचं भाडं कुठल्या योजनेत बसतं?

अहवाल संस्थेत जमा करण्याआधी वाड्यांत जाऊन सांगायचा असं मी कमिटीला लिहून दिलं होतं. ग्रामसभेत फारसं कोणी ऐकत नाही, पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलेलं असतं. म्हणून ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक लावली. मी वाडीवार वेळांचं कोष्टक मांडलं: सुकतीला किती, भरतीला किती, पावसाळ्यात किती. सरपंचताईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “हे तर आम्हाला माहीतच आहे.” मी म्हटलं, “हो, पण हे आता कागदावर आहे.”

समितीच्या खात्यावर वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मुक्त निधी येतो. होडीचं डिझेल त्यात बसतं का, यावर ग्रामसेवकांचं आणि आशाताईंचं चांगलंच वाजलं. गरीब कुटुंबाच्या तातडीच्या आरोग्य-गरजेसाठी हा पैसा वापरता येतो, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. ते पान मी काढून पुढं ठेवलं. ठराव झाला. रात्रीच्या फेरीचे पैसे समितीनं द्यायचे, होडीवाल्याचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लावायचा, आणि रेंज नसलेल्या खालच्या आळीतल्यांनी कोणाच्या दारात जाऊन फोन लावायचा तेही ठरलं. होडीवाल्याचं म्हणणं एवढंच, की पावतीबिवती मागाहून, डिझेल आधी टाकीत पाहिजे. त्यावर थोडी रक्कम आशाताईंकडं रोख ठेवायची असं ठरवून वाद मिटवला.

सुकतीला होडी लावायची कुठं, हे मात्र राहिलंच. गाळ काढणं आरोग्य खात्याच्या कामात बसत नाही. त्यासाठी सरपंचताईंनी महाराष्ट्र सागरी मंडळाला निवेदन दिलंय आणि त्याला आमच्या वेळांचं कोष्टक जोडलंय.